चौकटीतली सही

राजकमल चौक, अमरावती
सोमवार, १९ नोव्हेंबर २००७

प्रिय वकार,

सप्रेम नमस्कार. अम्मींना सलाम. ईद होऊन महिना झाला, दिवाळी होऊन दहा दिवस. दोन्हीच्या शुभेच्छा एकाच पाकिटात भरतोय. इमेल केला असता, पण इमेल माणूस न उघडता उडवू शकतो. पाकीट निदान फाडावं तरी लागतं.

लिहायचं कारण गंभीर आहे. या शहरात गेलं दीड वर्ष माझ्यावर अन्याय चालू आहे. कलेक्टर कचेरीत जाऊन दाद मागितली असती, पण तिथली मंडळी सध्या दिल्लीहून आलेल्या पाहणी पथकांना कापूस झाडाला लागतो की वेलीला हे समजावण्यात गुंतलेली आहेत. तेव्हा तक्रार तुझ्याकडेच दाखल करतो. आपल्या जिन्याखालची चहावाली पार्बताबाई मला रोज दोन चहा आणून देते.

एक माणूस, दोन चहा. मी तिला तीनदा तोंडी सांगितलं, एकदा पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. 'बाई, आता वर मी एकटाच असतो.' तर म्हणते, 'मले दिसते ना, आंधळी हाव काय मी? तो कप वकारभाऊचा व्हय. एखाद्या दिवशी आला अन् चहा नसला, तं काय म्हणीन तो?' दुसरा कप मोरीत ओतायचीही सोय नाही, कारण ती कप न्यायला वर येते तेव्हा आधी मोरीकडे बघते. म्हणून दोन्ही मीच पितो. पहिला गरम, दुसरा गार. पोटात जी आग पडते तिला जबाबदार तू.

बाकी ठीक. बारा ते चार लाइट नसते. ती गेली की यूपीएस पंधरा मिनिटं रडतो आणि मग तोही मान टाकतो. तुझ्या खुर्चीवर लग्नपत्रिकांच्या कागदाचे गठ्ठे ठेवलेत, म्हणजे ती रिकामी दिसत नाही. पुण्याहून दामिनी रविवारी फोन करते. पंधरा मिनिटं बोलते, त्यातली बारा मी जेवलो की नाही यावर जातात. उरलेल्या तिनात ती विचारते, 'बाबा, वकारकाकाशी बोललात?' मी म्हणतो, आवाज नीट येत नाहीये.

आता बातमी. गेल्या बुधवारी अकोल्याचे केशवराव आले होते. त्यांच्या शेती माहिती केंद्रात तू अर्ज केलास, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांना पाच जिल्ह्यांचे बाजारभाव, हवामान, किडीची माहिती असं सगळं एका ठिकाणी मांडणारी साइट हवी आहे. ती खेड्यातल्या जुनाट मशीनवरही उघडली पाहिजे, ज्याला दिसत नाही त्याला वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही कळली पाहिजे. 'थोडक्यात,' ते म्हणाले, 'वेब स्टँडर्ड्स पाळणारा माणूस हवा.' वकार, त्या गृहस्थांनी हे शब्द स्वतःहून उच्चारले! मी खुर्चीतून पडलो नाही एवढंच.

आठवतं ना, हेच शब्द विकायला आपण दोघं स्कूटरवरून किती दुकानं पालथी घातली? मी बोलायचो, तू लॅपटॉप उघडायचास. त्या बियाणेवाल्या काकांनी विचारलं होतं, 'हे मानक म्हंजे आयएसआय मार्कासारखं असते काय?'

'हाव काका, तसंच समजा,' तू म्हणालास.

'मंग शिक्का कोठी आहे?'

'शिक्का नसते. पान कोणत्याबी मशीनवर सारखं उघडते.'

'माह्या पोराच्या मशीनवर तं आताच उघडते! मंग तुमी काय करून राहिले?'

त्या दिवशी परत येताना वडाळी तलावापाशी तू म्हणालास, 'भगवंतभाऊ, भिंतीच्या आतली वीट गिऱ्हाइकाले दिसत नाही. म्हणून काय ते ठेवाचीच नाही?' मी म्हणालो, 'ठेव बाबा, पण बिलात रंग लिही.' मला ते फार चतुर वाटलं होतं.

शेवटी शिक्का मीच काढला. वामनरावांच्या कापसाच्या जिनिंगची साइट तू पूर्ण केलीस, मानकांच्या तपासणीत एकही चूक निघाली नाही, आणि मी तो निकाल जाड कागदावर छापला. भोवती लग्नपत्रिकेची मोराची महिरप, वर सोनेरी अक्षरांत 'वेबमानक प्रमाणपत्र', खाली 'वकार अहमद, तांत्रिक प्रमुख'. तू हसत हसत सही केलीस. वामनरावांनी काचेची चौकट करून ती गादीच्या मागे लावली, आजोबांच्या फोटोच्या बरोबर खाली. साइटपेक्षा त्यांना चौकटच जास्त आवडली, हे आपल्या दोघांनाही कळलं होतं.

केशवरावांपुढे मी तुझी पुष्कळ स्तुती केली. त्यांनी आणखीही एकदोन गोष्टी विचारल्या, किरकोळ.

मुलाखत कधी आहे ते कळव. आणि सहज विचारतो, तू सही अजून तशीच करतोस का? शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली?

तुझा भागीदार, निदान दुकानाच्या जुन्या पाट्यांवर तरी,
भगवंत


राजकमल चौक, अमरावती
बुधवार, २८ नोव्हेंबर २००७

प्रिय वकार,

नऊ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. मी तुझ्या जागी असतो तर पाकीट न फाडता परत पाठवलं असतं आणि वर लिहिलं असतं, 'मालक मयत'.

मागच्या पत्रात मी 'किरकोळ' असा एक शब्द वापरला आहे. तो खोडून वाच.

त्याआधी थोडं वामनरावांबद्दल, कारण सुरुवात तिथूनच आहे. तुझं म्हणणं होतं की साइटवर कापसाचा भाव अक्षरांत लिहावा, रोज बदलावा, दोन सेकंदांत उघडावा. वामनरावांना मात्र आपला फळाच हवा होता. वडिलांच्या काळापासून जिनिंगच्या फाटकावर खडूनं भाव लिहायची त्यांच्या घरची रीत. रोज सकाळी ते स्वतः लिहितात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. 'माह्या हाताचं अक्षर पाहून लोक गाडी आत घेते,' ते म्हणाले. 'त्या फळ्याचा फोटोच टाका साइटवर. अन् वरून एक पट्टी पळवा. अन् सनई लावा.'

तू म्हणालास, 'वामनकाका, हा फोटो खेड्यात उघडाले वीस मिनिटं लागतीन. अन् फोटोतला आकडा मशीनले वाचता येत नाही.'

आणि मी, तुझा भागीदार, वामनरावांकडे बघून म्हणालो, 'त्याचं मनावर घेऊ नका. तो पुस्तकी आहे.'

तू चप्पल घातलीस आणि गेलास. अठरा मे दोन हजार सहा, दुपारचे तीन. लाइट नव्हती. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत येशील. पार्बताबाईला अजून तसंच वाटतं.

मग मी एका बैठकीत तो फोटो, ती पट्टी आणि ती सनई तुझ्या स्वच्छ पानावर चढवली. भिंतीवर चौकट तशीच राहिली.

त्या चौकटीनं माझं दुकान चाललं, वकार. मी रंग विकायला निघालो आणि लोक शिक्का मागायला लागले. बियाणेवाले काका वामनरावांच्या गादीवर बसून आले आणि म्हणाले, 'आमालेबी तसा मोरवाला फोटो पाह्यजे.' मग ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा, मग एक मंगल कार्यालय, मग कोचिंग क्लास. चौघं. तू कुठं होतास? अकोल्याला. फोन करून 'सही करतोस का' असं विचारायचं तोंड मला नव्हतं. पण तुझी सही माझ्या मशीनमध्ये होती, पहिल्या दाखल्यावरची. मी पंचवीस वर्षं पत्रिका छापणारा माणूस. आमच्या धंद्यात आजोबा वारलेले असले तरी निमंत्रक म्हणून त्यांचं नाव छापतात आणि कुणाला त्यात खोटं वाटत नाही. तुझी सही उचलून चार कागदांवर ठेवायला मला अर्धं मिनिट लागलं. शेपूट महिरपीत अडकत होती, ती जरा कापली.

चारांतली एकही साइट तपासणीत पास होत नाही. मी ती तपासलीच नव्हती.

आता ते किरकोळ. केशवराव माझ्याकडे येण्याआधी बियाणेवाल्या काकांकडे बसून आले होते. तिथं त्यांनी चौकट पाहिली. माणूस नीट बघणारा. खालची तारीख त्यांनी टिपून घेतली, नऊ जुलै दोन हजार सहा. मग साइट तपासली. चौसष्ट चुका. माझ्यासमोर बसून त्यांनी शांतपणे विचारलं, 'भगवंतराव, वकार अहमदांनी अर्जात लिहिलंय की मे महिन्यात त्यांनी तुमचं काम सोडलं. जुलैत सही कशी? आणि चौसष्ट चुकांवर त्यांनी दाखला दिला असेल, तर असा माणूस मी पाच जिल्ह्यांच्या भावांवर कसा बसवू?'

तेवढ्यात पार्बताबाई दोन चहा घेऊन वर आली. मी दुसरा कप केशवरावांपुढे सरकवला. तुझा कप. त्यात माझं अर्धं मिनिट निघून गेलं, आणि मग मी म्हणालो, 'वकारला विचारून सांगतो.'

बघ, खोटं एक अक्षर नाही त्यात. सोळा वर्षं दैनिकात लोकांची टोपी उडवणारं सदर लिहिलं, आमदारांची भाषणं उलटी टांगली, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी पुढाऱ्यासारखा बोललो. 'विचारून सांगतो.' ते चहा संपवून गेले. सही तुझीच असं समजून ते गेले, हे मला जिन्यावरच्या त्यांच्या पावलांवरून कळलं.

दोन वर्षं आपण ज्या गिऱ्हाइकाची वाट पाहिली, ज्याला वीटच हवी होती, तो आला. आणि त्याला माझ्या घरात तुझ्या नावाचा रंग मिळाला.

उद्या काय करायचं ते मला माहीत आहे. आज ते करायच्या आधी तुला लिहितोय, कारण तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. रागावशील ते रागाव. इथं कुणी रागावतही नाही आताशा.

भगवंत


राजकमल चौक, अमरावती
रविवार, ९ डिसेंबर २००७

प्रिय वकार,

या पत्राला उत्तर देऊ नकोस. फक्त वाच.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, मी सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरला गाडी अर्धा तास थांबली, तेवढ्या वेळात तीनदा वाटलं की परतीची धरावी. केशवरावांच्या कचेरीत सगळं लेखी दिलं. मे महिन्यात तू गेलास, चारही दाखले मी केले, सही मी मशीनमधून उचलली, तुला त्याची माहिती नव्हती. खाली नाव, पत्ता, तारीख. त्यांनी ते दोनदा वाचलं.

'हे त्या दिवशीच का नाही सांगितलं?'

'धीर झाला नाही.'

'आज कसा झाला?'

मी म्हणालो, 'आज तुम्ही चहा मागवला नाहीत.'

हसले नाहीत. सगळेच हसत नाहीत माझ्या बोलण्यावर, हे एकटं राहून विसरायला होतं. मग म्हणाले, 'मुलाखत पंधरा तारखेला आहे. त्यांचं नाव यादीतून काढलं होतं, ते परत घालतो. पुढचं त्यांचं काम बोलेल. तुमच्याबद्दल मात्र मला काही म्हणायचं नाही.' तुला बोलावणं येईल. आलं नाही तर सरळ त्यांच्या कचेरीत जा. माझा कागद फाइलीत लागलेला मी स्वतः पाहिला आहे.

तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. अम्मी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं असतं तर मला यावं लागलं असतं. त्यांनी बघितलं नाही.

परत आल्यावर चौकटी गोळा केल्या. हे काम अकोल्यापेक्षा अवघड. कोचिंगवाल्यांनी मला खोटारडा म्हटलं आणि काम काढून घेतलं. मंगल कार्यालयवाल्यांना मी काय सांगतोय तेच कळलं नाही. 'सही खोटी आहे? असू द्या ना बावा, मोर तं खरा आहे!' ट्रॅक्टरवाल्यानं ऐकलं आणि चौकट काढून दिली. बियाणेवाले काका सगळ्यांत जास्त दुखावले. 'मंग या खिळ्याले काय लावू आता?' मी त्यांना माझ्याच छापखान्याचं नव्या वर्षाचं कॅलेंडर दिलं. त्यांनी ते लावलं, दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि म्हणाले, 'हे जास्त उपयोगाचं आहे. तारीख तरी समजते.' साइटच्या चौसष्ट चुकांबद्दल विचारलं तर म्हणाले, 'तुह्या सवडीनं काढ.'

वामनरावांची साइट मात्र मी सवडीवर ठेवली नाही. तुझं जुनं पान बॅकअपच्या सीडीवर सापडलं, ते परत चढवलं. सनई बंद, पट्टी बंद, भाव साध्या अक्षरांत. मला तुझ्यासारखं येत नाही, तीन रात्री गेल्या, पण बुधवारी तपासणीत सगळं बरोबर असल्याची हिरवी पट्टी आली. एकटाच होतो. कुणाला दाखवू म्हणून खिडकीतून खाली पाहिलं, तर पार्बताबाई भांडी घासत होती.

वामनराव चिडले. 'माह्या हाताचं अक्षर कोठी गेलं?' तडजोड केली. तुझा भाव वर, आणि फळ्याचा छोटा फोटो खाली, ज्याला हवा त्यानं उघडावा. फोटो दिसला नाही तर त्या जागी शब्द उमटावेत, असं तू म्हणायचास ना? तिथं लिहिलं, 'वामनरावांच्या हाताचा फळा'. ते त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं. मग हळूच म्हणाले, 'हे आंधळ्या माणसालेबी ऐकू येईन काय?' हो म्हटलं. इतक्या वर्षांत स्टँडर्ड्स कळलेलं आपलं हे पहिलं गिऱ्हाईक. खरं तर तो शब्द त्यांना अजूनही माहीत नाही. विकायला निघालास तर तो शब्द घरी ठेवून जा.

आज दुपारी पार्बताबाईचा भाऊ आला होता, दर्यापूरकडचा. गेल्या वर्षी तो गावच्या नेट कॅफेत फळ्याचा फोटो उघडायची वाट पाहून कंटाळला, आणि अंदाजानं मेटॅडोर भरून इथं आला. भाव आदल्या दिवशीच पडला होता. ते मला तेव्हाच कळलं होतं. तुला कळवलं नाही, हेही या पत्रात जमा धर. या खेपेला म्हणाला, 'भाऊ, आता बसल्याबरोबर भाव दिसते बा.' एवढंच म्हणाला आणि खाली बहिणीकडे गेला. हे वाक्य मी तुला पाठवायचं ठरवलं. ते तुझं आहे.

त्यानंतर बाईला मी सगळं सांगितलं. चार सह्या, केशवराव, तुझा कप मी कुणाला पाजला ते. तिनं ऐकून घेतलं. मग कप घेऊन गेली. चार वाजता वर आली तर बशीत एकच कप.

'दुसरा?' मी विचारलं.

'तो वकारभाऊचा व्हय. तो येईन तवा त्याले देईन. तुले काहून द्यावा?'

तेव्हा माझी तक्रार निकाली निघाली आहे. कलेक्टर कचेरीला कळवायची गरज नाही.

सोबत चार पट्ट्या आहेत. चारही दाखल्यांवरचा सहीचा भाग कात्रीनं कापून घेतलाय, मशीनमधली प्रत पुसली आहे. ज्याच्या त्याला परत. शेपट्या अर्धवट आहेत, त्या मीच कापल्या होत्या. तेवढी मोडतोड भरून देता येत नाही.

पाचवी सही पाठवत नाही. ती तू स्वतः केलीस, हसत. वामनरावांच्या आजोबांखाली ती अजून आहे, आणि बुधवारपासून तिच्या वर छापलेलं पुन्हा खरं आहे. बघायला यावंसं वाटलं तर ये. नाही आलास तरी ती तिथं राहील.

तुझ्या खुर्चीवरचे गठ्ठे खाली उतरवून ठेवलेत.

खालची सही मात्र माझी आहे, माझ्याच हातची.

भगवंत ढोले